बापाची खाट

लो वेनफर्ड, सफोक
१० नोव्हेंबर १९०७

प्रिय केझी हिस,
धाकट्या भावाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझं शेवटचं पत्र डफील्ड भावोजी गेले तेव्हाचं, त्याला आता दोन वर्षं होत आली. उत्तर लिहायचं राहूनच गेलं, त्याचा राग धरू नकोस. भावोजींच्या जागी तूच त्या लॉजिंगचा कारभार बघतेस आणि मालकाने तुला काढलं नाही, हे ऐकून ॲडा थक्क झाली. ऐंशी पुरुषांवर एक बाई! मी तिला म्हटलं, आमच्या केझीने लहानपणी हॅडनसाहेबांच्या बैलाच्या नाकावर बुक्की मारली होती, तिला ऐंशी पुरुषांचं काय घेऊन बसलीस.

आता मुख्य गोष्ट. बाबा सप्टेंबरात कोठाराचं छप्पर शाकारताना शिडीवरून पडले. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. आता शिडी चढवत नाही. चढवत नाही म्हणून दिवसभर चुलीपाशी बसतात आणि ॲडाच्या कामावर देखरेख करतात. परवा सगळ्यांच्या देखत म्हणाले की, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी, ते एकदा ठरवून टाक. ॲडाला आठवा महिना चालू आहे. चार पोरं, दोन खोल्या, आणि बाबांची खाट नेमकी जिथे पाळणा बांधायला हवा तिथे. घर हॅडनसाहेबांचं. मी त्यांच्या घोड्यांवर आहे तोवर ते आमचं. बाबांसाठी आणखी जागा मागायला गेलो तर ते मलाच वाट दाखवतील.

मी पुष्कळ विचार केला, प्रार्थनाही केली. तुझ्याकडे तर ऐंशी खाटा आहेत. तेव्हा येत्या शनिवारच्या गाडीने बाबांना पाठवतो आहे. दुपारी लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरवून घे. त्यांना मी नाताळापर्यंत लेकीकडे पाहुणचाराला म्हणून सांगितलं आहे. तूही तसंच सांग. त्यांच्या खर्चाचं दर आठवड्याला काहीतरी पाठवत जाईन, ते तू मुळीच मनात आणू नकोस.

तुमचं जुनं भांडण आता विसरावं, असं मला धाकटा असूनही सुचवावंसं वाटतं. सोबत ॲडाने सफरचंदं बांधून दिली आहेत. मायेला अंतर देऊ नकोस.

तुझा भाऊ
वॉल्टर रेनर


थ्रेडर लेन, स्पिटलफील्ड्स, लंडन
२१ नोव्हेंबर १९०७

चि. वॉल्टर यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा म्हातारा पोचला. सफरचंदं पोचली नाहीत. गाडीत एका बाईची पोरं भुकेली होती, त्यांना वाटली म्हणाला. मला जन्मात कधी सफरचंद सोलून न देणारा माणूस!

स्टेशनवर मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं नाही. बाकावर बसला होता, मांडीवर बोचकं आणि शेजारी ती शाकारणीची फळी. लंडनमध्ये पेंढा थापायला फळी! मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तर म्हणाला की, बाई, जरा बाजूला व्हा, माझी पोरगी यायची आहे, तिला मी दिसणार नाही. तेवीस वर्षांनी बघत होतो एकमेकांना, त्याचा तरी काय दोष.

तू लिहितोस तुझ्याकडे ऐंशी खाटा. माझ्याकडे एकही नाही, वॉल्टर. खाटा मि. प्रिंगल यांच्या. ते एपिंगला गुलाब लावून राहतात आणि शुक्रवारी गल्ला न्यायला येतात. मी दाराशी खिडकीत बसते. माणूस संध्याकाळी चार पेनी ठेवतो, मी पत्र्याचा बिल्ला देते, तो वर जाऊन झोपतो. सकाळी सगळ्यांना बाहेर काढते. ज्याचे पैसे नाहीत तो खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात शेकोटीपाशी बसतो, आणि झोपायची वेळ झाली की त्यालाही मीच बाहेर काढते. माझा पगार याच कामाचा आहे. झोपू देण्याचा नाही.

हे मी म्हाताऱ्याला पहिल्या दिवशीच सांगितलं. त्याला थट्टा वाटली. मला सगळ्यांसमोर किझीपोरी म्हणून हाक मारली. मी म्हटलं की, इथे मला मिसेस डफील्ड म्हणायचं. खाली सांगून ठेवलंय की हा आमच्या गावाकडचा एक माणूस आहे. मी लेक आहे असं कळलं तर उद्या निम्मी खोली आपापलं नातं सांगत येईल.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट दिली आहे. काच फुटकी आहे, पण त्याला वाऱ्याची सवय. खालच्या मंडळींनी त्याला दोन दिवसांत नावही ठेवलं, पेंढा. पेंढा, इकडे ये. पेंढा, तवा सोड. एका तव्यावर चाळीस जणांचे खारे मासे, आणि हा म्हणतो माझा आधी, मी वयाने मोठा. एकडोळ्या फेरिसने त्याला विचारलं म्हणे की, वय काय तव्यात तळून खातोस का.

पैसे पाठवणार म्हणालास ते पाठव. नाताळ झाला की घेऊन जा. ॲडाची नीट सुटका होवो. माझा लोभ किती आणि कसा ते तुला ठाऊकच आहे.

केझिया डफील्ड


थ्रेडर लेन
१२ जानेवारी १९०८

चि. वॉल्टर यास,
बापाचे आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि मि. ऑर्पिन लिहिताहेत. ते पूर्वी शाळामास्तर होते. आता माझ्या शेजारच्या खाटेवर असतात. अक्षर चांगलं आहे, हात थोडा थरथरतो.

नाताळ होऊन गेला. तू यायचा होतास. वाट बंद असेल, बर्फ पडलं असेल, म्हणून मी इतके दिवस काही कळवलं नाही. पण परवा बाजारात आपल्याकडचा एक गाजरवाला भेटला, तो म्हणाला की, यंदा बर्फ कुठलं. मग पत्र टाकावं म्हटलं.

हॅडनच्या कोठाराची राहिलेली बाजू कुणी शाकारली? ब्रूकच्या पोराने शाकारली असेल तर मार्चच्या वाऱ्यात उडून जाईल, त्याला सांग. तो गाठ घट्ट मारत नाही.

इथला पेंढा अगदी रद्दी. फळांच्या खोक्यांतून येतो, आखूड आणि ओलसर. तरी मी त्याच्या चटया विणतो. गाडीवाले पायाखाली घालायला घेतात. सकाळी बाजार उठला की मी आणि मि. ऑर्पिन पेंढा गोळा करतो. मग चर्चपुढच्या बागेत बसून विणतो. त्या बागेला इथे सगळे खाजबाग म्हणतात. का म्हणतात ते तिथे बसल्यावर कळतं. खाटेचे पैसे रोज निघतात. पाऊस असला की निघत नाहीत. तू पाठवायचास ते दोनदा आले आणि थांबले, टपालात गहाळ होत असतील.

केझिया ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही. पण काम बघावं तर तिचं. परवा दोन खलाशी सुऱ्या काढून भिडले. हिने कोळशाचं फावडं उचललं आणि मध्ये जाऊन म्हणाली की, आधी कोण मरणार ते लवकर ठरवा, मला फरशी पुसायची आहे. दोघं मांजरासारखे बाहेर गेले. कुणाला भीत नाही. माझ्यावर गेली आहे. हे मी तिला बोलून दाखवलेलं नाही.

ॲडाला सांग की, तिचं सूप मी म्हणालो तेवढं वाईट नव्हतं. पाळण्याला जागा लागते हे मला कळतं. मी कोंबड्यांच्या वरच्या माळ्यावर झोपेन. तिथे शिडी आहे, पण ती पाचच पायऱ्यांची आहे, तेवढी मला जमेल. कधी येतोस ते लिही. म्हणजे त्या दिवशी मी बाजारात जाणार नाही.

तुझा बाप
आयझॅक रेनर

ता. क. लिहिणाऱ्याची एक ओळ. महाशय, आपल्या वडिलांना खोकला झाला आहे. ते हे सांगू देत नाहीत. — ऑर्पिन


लो वेनफर्ड
२ फेब्रुवारी १९०८

प्रिय केझी हिस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुला आनंदाची बातमी. ॲडाला मुलगा झाला, दोघं सुखरूप. नाव आयझॅक ठेवलं. बाबांचंच. प्रार्थनामंडळात सगळ्यांना फार आवडलं. पाद्रीबाबा म्हणाले की, वडिलांचा मान राखावा तो असा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट जरा नाजूक आहे. बाबांनी मला पत्र घातलं. कुणा दारुड्या मास्तराकडून लिहवून घेतलेलं दिसतं. आमचा पोस्टमन उघडी चिठ्ठी असली की वाचतो आणि मिटलेली असली की उजेडात धरतो, हे तुला माहीत आहे. गावात मी सांगितलं आहे की, बाबा लंडनला लेकीच्या हॉटेलात सुखात आहेत. आता त्या पत्रात तवे, खाजबाग आणि काय काय. ॲडा ते वाचून रडली, आणि बाळंतिणीने रडलं की दूध आटतं असं सुईण म्हणते. तेव्हा पुन्हा पत्र लिहू नये असं तू त्यांना गोडीने सांग. मी उत्तर पाठवत नाही. पाठवलं तर त्यांना उगाच आशा लागेल, आणि ती लावणं मला क्रूरपणाचं वाटतं.

या महिन्यात पैशांचं जमत नाही. पुढच्याही महिन्यात जमेल असं दिसत नाही. त्याऐवजी एक ससा पाठवला आहे. स्वतः फास लावून धरला. रस्सा करून बाबांना घाल, म्हणजे त्यांचा खोकला निघेल.

बाळाला मावशीआत्या जे काय म्हणशील ते तूच एक आहेस. आम्हाला परकं करू नकोस.

तुझा
वॉल्टर


थ्रेडर लेन
१९ एप्रिल १९०८

वॉल्टर यास,
न. वि. वि. आशीर्वाद द्यायला आज हात उचलवत नाही.

ससा आला तेव्हा त्याचा वास त्याच्याआधी आला होता. मांजरांनीही तोंड फिरवलं.

म्हातारा आता इथे नाही. तुला कुणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच लिहिते, म्हणजे नीट कळेल.

मार्चभर पाऊस होता. चटया ओल्या राहायच्या, कुणी घ्यायचं नाही. खोकला छातीत उतरला. तरी रोज कुठून तरी पैसे आणून खिडकीत ठेवायचा. आधी कोट विकला, मग बूट बदलून फाटके घेतले. ती फळी मात्र विकली नाही. एका शुक्रवारी मि. प्रिंगल माझ्या मागे बसून गल्ला मोजत होते, आणि तेव्हाच तो खिडकीशी आला. हात रिकामे. म्हणाला की, आज नाही, उद्या देतो. मी म्हटलं की, मग खाटही उद्या. मि. प्रिंगल मोजता मोजता थांबले. मागे रांग उभी होती.

मास्तरने टोपी फिरवली. फेरिसनेसुद्धा त्यात काहीतरी टाकलं. एका माणसाच्या खाटेपुरते जमले आणि त्यांनी ते खिडकीत आणून ठेवले. म्हाताऱ्याने हाताने मागे सारले. म्हणाला की, दान नको, ही माझी पोरगी आहे, ही मला बाहेर काढायची नाही. मोठ्याने म्हणाला. मि. प्रिंगलनी मला विचारलं की, हे खरं का. 

वॉल्टर, तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. तुला जिन्यावर बसवून ठेवलं होतं, म्हणून तू ऐकलं असशीलच. मी एकोणीस वर्षांची, नोकरीच्या घरून हाकललेली, सातवा महिना. दाराशी उभी होते. आई आत रडत होती. आणि बाबा म्हणाले होते की, इथे जागा नाही, आलीस त्या वाटेने जा. त्याच वाटेने गेले. लंडनच्या वर्कहाउसात, त्या निराधारांच्या कोंडवाड्यात, माझी लिली जन्मली आणि तिथेच सहा आठवड्यांनी गेली. तिला कुठे पुरलं ते मला दाखवलंही नाही. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

तर मी मि. प्रिंगलना म्हटलं की, माणूस म्हातारा आहे, भ्रमिष्टासारखं बोलतो. आणि त्याच्याकडे बघून म्हटलं की, इथे जागा नाही, आलास त्या वाटेने जा.

त्याला कळलं. तेच शब्द आहेत हे त्याला त्या क्षणी कळलं, मी त्याचं तोंड बघत होते. मग फळी काखेत घेतली आणि मास्तरच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरला. मास्तर एकटाच परत आला. दोन दिवस खाजबागेतल्या बाकावर होता म्हणे, मग पोलिसाने उठवलं. आता तो वर्कहाउसात आहे, पॅरिशच्या धर्मादाय भाकरीसाठी लाकडं फोडतो. तिथे नाव नोंदवताना मुलंबाळं विचारली तर म्हणाला की, नाहीत. मास्तर भेटून आला, त्याने सांगितलं.

मला वाटलं होतं, असं केल्यावर बरं वाटेल. रात्रंदिवस वाट बघते आहे, अजून वाटलेलं नाही.

मास्तर माझ्याशी बोलत नाही. पैसे ठेवतो आणि बिल्ला उचलतो.

केझिया


लो वेनफर्ड
१६ ऑगस्ट १९०८

माझी लाडकी बहीण केझी हिस,
धाकट्या वॉल्टरचा अनेक प्रेमपूर्वक नमस्कार. वि. वि.

तुझं मागचं पत्र वाचून काळजाला घरं पडली. उत्तराला उशीर झाला तो त्या दुःखामुळेच. जे झालं ते झालं. माणूस रागाच्या भरात बोलतो. मी तुला दोष देत नाही, आणि मंडळात तर याचा उच्चारही केलेला नाही.

आता ऐक. बाबांना घरी आणायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. रक्ताचं माणूस परक्यांत पडलंय, हे आम्हाला सहन होत नाही. ॲडाने आपणहून खाट काढून धुतली आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात मांडली. पाळणा पलीकडे सरकवला. छोटा आयझॅक आता बसायला लागलाय, तोही जणू आजोबांना शोधतो. ॲडा म्हणते की, आता सूप त्यांच्याच पद्धतीने करीन.

तू फक्त एवढं कर. वर्कहाउसात जाऊन बाबांना सोडवून घे आणि गाडीत बसव. भाडं मी पाठवतो. मात्र नवीन वर्षाच्या आत इथे त्यांचं नाव लागायला हवं. त्यांच्या जन्माची चर्चमधली नोंद मी उतरवून घेतली आहे, सत्तर पुरी होऊन वर एक वर्ष भरतं. ते कागद तयार ठेवलेले बरे असतात, म्हणून म्हटलं.

त्यांना माझा नमस्कार सांग. वॉल्टर रोज आठवण काढतो म्हणावं. उलट टपाली कळव. आपल्या दोघांत कधीच आडपडदा नव्हता, तो यापुढेही नको.

तुझाच
वॉल्टर


थ्रेडर लेन
२५ ऑगस्ट १९०८

चि. वॉल्टर यास,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की फेरिसने खाली येऊन विचारलं, कोण मेलं.

बाळा, वर्तमानपत्र इथेही येतं. सरकार सत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना जानेवारीपासून आठवड्याची पेन्शन देणार, ही बातमी वेनफर्डच्या आधी थ्रेडर लेनमध्ये आली. आमच्या स्वयंपाकघरात पंधरा दिवस दुसरा विषय नाही. ज्यांना परवापर्यंत आपलं वय माहीत नव्हतं, ते सगळे एकदम एकाहत्तर वर्षांचे झालेत.

आडपडदा नको म्हणतोस, तर सांगते. तुझं पत्र यायच्या आधीच मी वर्कहाउसात जाऊन आले. तुझ्याच कामासाठी. नवी टोपी घालून, संत्री घेऊन. म्हटलं, म्हाताऱ्याला माझ्या खोलीत ठेवीन, पेन्शन माझ्या हातात येईल, आणि शुक्रवारी मि. प्रिंगलचं तोंड बघायचं मला थोडं कमी होईल. आपण दोघं एकाच बापाची आहोत, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

कारकुनाला मी सांगितलं की, मी लेक आहे. त्याने तुझं-माझं दोघांचं नाव-गाव लिहून घेतलं. मग म्हाताऱ्याला आणलं. केस कापलेले, अंगात तो पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. हाताला लाकडाच्या ढलप्या लागून जखमा. अर्धा झालाय. माझ्याकडे बघितलं, संत्र्यांकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. आणि म्हणाला की, काय गं किझी, पेन्शनवाल्याला खाट कितीला देतेस?

मी हसले, वॉल्टर. आवरलंच नाही. मग तोही हसला. दात राहिलेच नाहीत त्याचे. आम्ही दोघं हसत होतो, आणि मी आयुष्यात कधी त्याच्याबरोबर हसल्याचं मला आठवेना. मग त्याला खोकला लागला. रुमालात रक्त पडलं, ते त्याने मुठीत दाबून ठेवलं. मी म्हटलं की, चला घरी. खरंच म्हटलं, त्या वेळी मनात पेन्शन नव्हती, का होती, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात कारकून आला. म्हणाला की, एवढी घाई कशाला, यांना काही मिळायचं नाही. या जानेवारीपासून ज्याने पॅरिशची भाकरी खाल्ली, त्याचं नाव कायद्याने बाद. बाहेर काढलं तरी बाद.

म्हाताऱ्याने माझं तोंड वाचलं. मी जसं एप्रिलात त्याचं वाचलं होतं तसंच. म्हणाला की, जा तू, तुझी खिडकी उघडायची वेळ झाली.

मी आले. संत्रीही परत आणली. तिथे ठेवली असती तर पहारेकऱ्यांनीच खाल्ली असती, असं मी वाटेभर स्वतःला सांगितलं.

तेव्हा ॲडाला सांग, खाट पुन्हा हलवायला हरकत नाही. पाळणा होता तिथे आण. कारकुनाने आता दोघांची नावं लिहून घेतलीत, त्यामुळे म्हाताऱ्याच्या जेवणाचा खर्च मुलांनी भरावा अशी नोटीस येईल. आली की बोंब मारू नकोस. मलाही येणार आहे.

तुझी
केझी


लो वेनफर्ड
२९ नोव्हेंबर १९०८

प्रिय केझी हिस,
सप्रेम नमस्कार. लिहिण्यास अत्यंत दुःख होते की,

बाबा गेल्याचं वर्कहाउसचं कार्ड मंगळवारी आलं. तुलाही आलंच असेल. मृतदेह ताब्यात घ्यायला नातलगांनी ताबडतोब यावं, असं त्यात आहे. तू तिथेच आहेस, पायी जाण्याइतकी जवळ, म्हणून मी निर्धास्त आहे. मला नांगरटीतून सुट्टी मिळण्यासारखी नाही. शिवाय त्या खर्चाच्या नोटिशीचं घोंगडं अजून भिजत पडलं आहे, आणि आमचे इथले वकील म्हणतात की, जो पुढे होऊन सही करील त्याच्याच गळ्यात सगळी बाकी पडेल. तुझं तसं नाही, तू विधवा बाई, तुझ्यामागे कोण लागणार.

आज रविवारी मंडळात बाबांसाठी खास प्रार्थना झाली. हॅडनसाहेब स्वतः उभे राहिले. म्हणाले की, आयझॅकने शाकारलेल्या छपरातून पंचवीस वर्षं थेंब गळला नाही. सगळे विचारतात की, लंडनला अंत्यविधी कसा झाला, घोडे किती होते, कोण कोण आलं होतं. मी म्हटलं की, बहिणीचं पत्र यायचंय. तेव्हा जरा सविस्तर लिही. मला वाचून दाखवायचं आहे.

आपण दोघंच उरलो आता. एकमेकांना धरून राहू.

तुझा दुःखी भाऊ
वॉल्टर


थ्रेडर लेन
६ डिसेंबर १९०८

वॉल्टर यास,
न. वि. वि.

कार्ड मलाही आलं. त्यावर तुझंही नाव होतं. मी मनात म्हटलं की, मुलगा येईल. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून घर त्याचं, छप्पर त्याचं, बाप त्याचा. येईलच. तू म्हणालास, केझी जाईल. अशी आपण दोघांनी एकमेकांवर श्रद्धा ठेवली. रोज संध्याकाळी रांगेकडे बघायचे, तुझी टोपी दिसते का. नोटिशीची भीती मलाही होती, ते लपवत नाही.

शेवटी मास्तरने बिल्ला घेताना तोंड उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला की, मिसेस डफील्ड, तुमच्या गावाकडचा माणूस अजून तिथेच पडून आहे का. मी खिडकी तशीच टाकून गेले.

दारावरच्या माणसाने वही बघितली. म्हणाला की, उशीर झाला, बाई. मुदतीत कुणी आलं नाही, त्यामुळे बेवारस धरून काल वैद्यकीय शाळेत दिला. मी विचारलं की, म्हणजे कुठे. तो म्हणाला की, जिथे पोरं डॉक्टरकी शिकतात तिथे. हिवाळ्यात त्यांना लागतात, थंडीत टिकतात. शिकून झालं की उरलेलं एकत्र करून पेटीत घालतात आणि रीतसर पुरतात, पाद्रीही असतो, तुम्ही काळजी करू नका. वसंतात येऊन चौकशी करा. चांगला माणूस होता, मला खुर्ची दिली त्याने.

मग म्हणाला की, तुम्ही कोण त्यांच्या? लेक असाल तर अजून अर्ज करून बघता येईल, सही करा. टाक पुढे केला. मी म्हटलं की, नाही, आमच्या लॉजिंगात राहायचे. पलीकडे कोपऱ्यात त्याची फळी उभी होती. म्हणाला की, ही नेणार असाल तर न्या, नाहीतर जळणात जाईल. नेली नाही. लॉजिंगवाल्या बाईने ती कशासाठी नेली असती.

मंडळात काय वाचायचं ते खाली लिहिते. हे पान इथे फाड आणि वरचं चुलीत घाल.

* * *

प्रिय बंधू वॉल्टर यास,
बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले पूज्य वडील झोपेतच शांतपणे गेले. शेवटपर्यंत माझ्या हातात हात होता आणि तुझं नाव ओठांवर होतं. बुधवारी दुपारी त्यांना नेलं. गाडीला दोन काळे घोडे होते, तुरे लावलेले. हॉटेलातली सगळी मंडळी टोप्या काढून मागून चालली. ऑर्पिन नावाचे एक विद्वान शिक्षक, बाबांचे स्नेही, त्यांनी बायबल वाचलं. जागा उंचावर आहे आणि कोरडी आहे. मी दर रविवारी जाते.

त्यांना कशाचीही ददात पडली नाही, हे सगळ्यांना सांग. ॲडाला आणि मुलांना गोड पापा. तुझी-माझी माया बाबांनी आयुष्यभर जपली, ती आपणही तशीच जपू.

तुझीच
केझी